साराचा दाटपणा आणि सिंगापूरचा साबू

पातळ झालेले भाजीचे सार पळीवाढे कसे करावे, हा प्रश्न दिसावयास फार लहान आहे. राज्यांचे उदयास्त आणि आरमारांच्या लढाया लिहिणारे इतिहासकार त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तथापि सिंगापूर बेटापुरते बोलावयाचे तर हा प्रश्न इतिहासाच्या मागील दाराने नव्हे, पुढील दाराने आत येतो. देशोदेशींच्या स्वयंपाकघरांत पाणचट रसास अंग आणण्यासाठी जो पांढरा दाणा एकोणिसाव्या शतकात वापरला गेला, तो फार मोठ्या प्रमाणावर ह्याच बेटावर धुतला, वळला, भाजला आणि गोण्यांत भरून रवाना केला जात होता. महाराष्ट्रात तोच दाणा एकादशीच्या ताटात मानाने जाऊन बसला. आणि पुढे १९४२ मध्ये अशी वेळ आली की ज्या बेटाने जगास दाटपणा विकला, त्याच बेटावरील माणसांच्या ताटलीत तळ दिसेल इतके पातळ पाणी पडू लागले.

प्रथम चुलीपाशीचा विचार केला पाहिजे. भाज्या शिजविलेल्या पाण्यास दाटपणा आणण्याच्या रीती प्रत्येक समाजाच्या जमिनीत जे पिकते त्यावरून ठरलेल्या असतात. कोकणात कुळथाचे पीठ पाण्यात कालवून त्याची पिठी करतात. घाटावर पातळ भाजीस डाळीचे पीठ लावतात, किंवा शिजलेली तूर घोटून तिच्यात सोडतात. अळूच्या फदफद्यास डाळ आणि दाणे सांभाळून घेतात. टोमॅटोच्या सारास नारळाचे दूध पुरते. मलायी आणि जावी घरांतील ‘सायूर लोदेह’ नावाच्या भाज्यांच्या रसात नारळाचे दूध आणि ‘बुआ करास’ म्हणजे जंगली अक्रोडाचा वाटलेला गर ही दोन्ही कामे करतात. चिनी आचारी अगदी शेवटी, पातेले उतरविण्यापूर्वी, गार पाण्यात कालवलेले पीठ धारेने सोडतो. युरोपीय आचारी लोण्यात मैदा परतून घेतो. ह्या सर्वांहून जुना आणि बिनखर्चाचा उपाय मात्र कोणत्याही देशाच्या मालकीचा नाही. शिजलेल्या फोडींपैकी थोड्या फोडी, विशेषतः बटाटा, रताळे किंवा तांबडा भोपळा, बाहेर काढून पळीने घोटाव्यात आणि पुन्हा त्याच रसात मिसळाव्यात. चवीत परके काही शिरत नाही आणि सार आपल्याच अंगाने दाट होते.

परंतु उपवासाच्या दिवशी मराठी गृहिणीच्या हातून यांपैकी बहुतेक साधने काढून घेतलेली असतात. तांदूळ नाही, गहू नाही, हरभऱ्याचे पीठ नाही, डाळ नाही. उरतात ती दाण्याचे कूट, शिंगाड्याचे पीठ, राजगिऱ्याचे पीठ आणि साबुदाणा. साबुदाण्याची खिचडी आणि वडे ह्यांचाच बोलबाला अधिक. पण भिजविलेला मूठभर साबुदाणा रताळ्याच्या किंवा बटाट्याच्या पातळ रश्श्यात सोडला असता तो रस कसा एकजीव होतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस यापुढील हकिकतीचे मर्म लवकर कळेल.

दाटपणा येतो तो कसा, हेही येथेच सांगून टाकणे बरे. साबू म्हणजे जवळजवळ निव्वळ सत्त्व, ज्यास शास्त्रज्ञ पिष्ट म्हणतात. पिष्टाचे सूक्ष्म कण गार पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि हळूहळू तळाशी बसतात. पाणी साठ-सत्तर अंशांपलीकडे तापले म्हणजे तेच कण पाणी पिऊन फुगतात, एकमेकांस खेटतात, त्यांच्यातील काही अंश बाहेर झिरपतो आणि मोकळे वाहणारे पाणी अडते. कोरडे पीठ उकळत्या रसात टाकले तर बाहेरचा थर तत्काळ फुगून बंद होतो, आत कोरडे पीठ तसेच अडकून राहते आणि गुठळी होते; म्हणून ते आधी गार पाण्यात कालवावयाचे. चार वाट्या सारास मोठा एक चमचा साबुदाण्याची पिठी पुरे होते. अखंड दाणे घालावयाचे असल्यास ते आधी भिजवून मंद आचेवर काचेसारखे पारदर्शक होईपर्यंत शिजू द्यावे लागतात. आणखी दोन गोष्टी अनुभवी हातांस ठाऊक असतात. आंबट पदार्थ घालून फार वेळ उकळले तर आलेला दाटपणा पुन्हा मोडतो, यास्तव कोकम, चिंच किंवा लिंबू शेवटी. आणि साबूचे प्रमाण चुकून अधिक झाले तर सारास तार येते, जिभेवर चिकटा राहतो. मग ते सार न राहता खळ होते.

हा दाणा मूळचा कशाचा? आज बाजारात मिळणारा साबुदाणा एका कंदाचा असतो, पण मूळचा साबू झाडाच्या खोडातून निघे. मलाया, सुमात्रा, बोर्निओ आणि त्याही पूर्वेकडील बेटांच्या दलदलीत ताडाच्या जातीचे एक झाड वाढते. मलायी भाषेत त्याच्या सत्त्वास ‘सागू’ म्हणतात. हे झाड आयुष्यात एकदाच फुलते आणि फुलून मरते. त्या एका फुलोऱ्यासाठी ते वर्षानुवर्षे खोडात सत्त्व साठवीत असते. फुलोरा बाहेर पडण्याच्या ऐन आधी झाड तोडून, खोड उभे चिरून, आतील गाभा कुटून पाण्यात धुतला म्हणजे सत्त्व खाली बसते. तेराव्या शतकाच्या अखेरीस सुमात्रात राहिलेल्या मार्को पोलोने झाडातून निघणाऱ्या ह्या पिठाची नोंद करून ठेवली आहे. १८५४ मध्ये सिंगापुरास उतरलेला निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्याने मलायी द्वीपसमूहावरील आपल्या १८६९ च्या ग्रंथात त्याचा हिशेबच मांडला. एका चांगल्या झाडापासून सुमारे ६०० पौंड वजनाच्या १,८०० वड्या निघतात, पाच वड्या म्हणजे एका माणसाचे दिवसाचे भरपूर अन्न, अर्थात एक झाड एका माणसास वर्षभर पोसते. नांगर नाही, पेरणी नाही, पावसाची वाट पाहणे नाही. दुष्काळाच्या देशातून आलेल्या वाचकास हे वर्णन कल्पवृक्षाचे वाटल्यास नवल नाही; वॉलेसला मात्र ह्या स्वस्ताईने माणसे आळशी होतात असे वाटले. हा न्याय दूरच्या प्रवाशाचा आहे. गाभा कुटणाऱ्या आणि तुडविणाऱ्या हातापायांस तो विचारून केलेला नव्हता.

सिंगापुरात हे झाड व्यापारापुरते म्हणण्यासारखे नव्हतेच. येथे होते ते बंदर. १८१९ मध्ये रॅफल्सने वखार घातल्यावर काही दशकांतच सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावरून आणि बोर्निओतून ओला, कच्चा साबू पानांच्या गाठोड्यांत बांधून येथे येऊ लागला. कच्चा साबू म्हणजे आंबूस वासाचा, कोंडा आणि तंतू मिसळलेला मळकट लगदा. तो शुद्ध करण्याची विद्या येथील चिनी कारागिरांनी हस्तगत केली. जे. आर. लोगन ह्या विद्वान गृहस्थाने सिंगापुरातून चालविलेल्या आपल्या नियतकालिकात १८४९ मध्ये साबूवर विस्तृत लेख लिहिला, आणि त्या साली येथे चिन्यांचे १५ व युरोपीयांचे २ साबूचे कारखाने होते अशी नोंद मिळते.

त्या कारखान्यांतील काम पाहण्यासारखे होते. लगदा मोठ्या पिंपांत पाण्याशी कालवून कापडातून गाळीत. गाळलेले पाणी निवत ठेवून पांढरा साका धरीत. तो पुन्हा धुऊन, निथळून, उन्हात अर्धवट वाळवीत आणि फोडून चाळीत. ह्यानंतरची क्रिया म्हणजे सर्व कौशल्याचे सार. किंचित ओलसर पीठ लांब कापडाच्या झोळीत घालून ती झोळी लयीत हलवीत राहावयाचे. पाळण्यासारख्या त्या हेलकाव्यांत पिठाचे कण एकमेकांस चिकटत, गोल होत आणि पाहता पाहता त्यांचे मोती बनत. मग चाळणीने लहानमोठे दाणे निवडून लोखंडी कढईत अलगद भाजावयाचे, म्हणजे बाहेरून कवच धरे आणि दाणा समुद्रप्रवासात टिके. ‘मोती साबू’ हे नाव जगभर गेले ते ह्या झोळीतून.

मोती साबूस गिऱ्हाईक दोन दिशांस होते. पश्चिमेस इंग्लंडादी देशांत तो दुबळ्यांचे आणि आजाऱ्यांचे हलके अन्न म्हणून गेला, आणि तेथून सूपच्या पातेल्यात शिरला. गृहव्यवस्थेवरील मिसेस बीटन ह्यांचा १८६१ चा सुप्रसिद्ध ग्रंथ इंग्रज मध्यमवर्गाचा स्वयंपाकातील गुरू होता. त्यात साबूच्या सूपची कृती आहे, आणि तीत साबू रसात पुरता विरघळून त्याचे एक दाट मिश्रण होईपर्यंत शिजविण्यास सांगितले आहे. लंडनच्या धुक्यात पातळ सूप ढवळणाऱ्या त्या स्वयंपाकिणीस तो दाणा कोणाच्या झोळीत वळला गेला ह्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

दुसरी दिशा हिंदुस्थानची. स्ट्रेट्स सेटलमेंट्समधून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे साबू उतरू लागला. भाषांनी ह्या प्रवासाचा पुरावा जपून ठेवला आहे. मलायी ‘सागू’चा आपल्याकडे ‘साबू’ झाला आणि त्याच्या आकारावरून पुढे ‘दाणा’ जोडला गेला. कानडीत तांदळास ‘अक्की’ म्हणतात म्हणून तेथे तो ‘सब्बक्की’ झाला. तमिळात ‘जव्वरिसी’, म्हणजे जावाचा तांदूळ, असे त्या शब्दाचे मूळ सांगतात. ज्या वस्तूस स्वतःचे जुने नाव नाही ती बाहेरून आली असे समजण्यास हरकत नसते. आणि तरीही ही परदेशी वस्तू मराठी घरात कोठे बसली, तर थेट देवघराशेजारी! ह्याचे कोडे फार अवघड नाही. उपवासास धान्य वर्ज्य. साबू हे धान्य नव्हे, झाडाच्या गाभ्याचे सत्त्व. नांगरलेल्या शेतातील नाही, कणसातील नाही. जुन्या नियमाच्या चौकटीत नव्या वस्तूस अशी सरळ वाट मिळाली. उपवासाच्या ताटातील बटाटा, मिरची, शेंगदाणा हे तिचे सोबतीही समुद्रापलीकडूनच आलेले आहेत. वरी, शिंगाडा, सुरण ही जुनी मंडळी मागे सरली आणि पाहुणे पाटावर बसले. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे बोल ज्या ताटास लावले जातात, ते ताट बहुतांशी अमेरिकेने आणि मलायाने भरलेले आहे.

व्यापार आला की तंटे आले. बोर्निओच्या किनाऱ्यावर मुका आणि ओया ह्या नद्यांच्या काठी मेलानाऊ लोकांच्या साबूच्या राया आहेत. तेथील स्त्रिया माचाणावर उभ्या राहून पायांनी गाभा तुडवीत आणि त्याचे सत्त्व खालच्या पाण्यात उतरे. तो कच्चा साबू सारावाकमार्गे सिंगापुरास येई. किनारा ब्रुनेईच्या सुलतानाचा, पण डोळा सारावाकच्या गोऱ्या राजाचा, जेम्स ब्रूकचा. १८६० मध्ये सारावाकचे सैन्य मुकावर चालून गेले असता लाबुआनचा ब्रिटिश गव्हर्नर एडवर्ड्स मध्ये पडला आणि त्याने ते मागे फिरविले; पण दुसऱ्याच वर्षी, १८६१ मध्ये, सुलतानाने तो सारा किनारा ब्रूकच्या स्वाधीन केला. एका राज्याचा नकाशा बदलला तो सोन्यासाठी किंवा मसाल्यासाठी नव्हे, सूप दाट करणाऱ्या पिठासाठी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती फारशी होणार नाही.

ह्याच काळात साबूस प्रतिस्पर्धी उभा राहिला. दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर पूर्वेस आलेला कसाव्याचा कंद, मलायी ‘उबी कायू’, मलाक्काच्या आसपास चिनी मळेवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर लाविला. ताड तयार होण्यास दहा-बारा वर्षे, कंदास वर्षही पुरे. त्याचे सत्त्वही तितकेच पांढरे, आणि झोळीत घालून हलविले की मोतीही तसेच होत. कंदाने जमिनीचा कस लवकर ओढला जातो, ही त्याची खोड. पुढे रबराचे दिवस आल्यावर मलाक्कातील कित्येक मळे रबराखाली गेले. पण तोवर बाजारात ‘साबू’ ह्या नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू रुळल्या होत्या. हिंदुस्थानातही त्रावणकोरचे महाराज विशाखम् तिरुनाळ ह्यांनी १८८० नंतरच्या आपल्या अल्प कारकिर्दीत ह्या कंदाच्या लागवडीस उत्तेजन दिले होते. गरिबांचे पोट भरावे हा त्यांचा हेतू. त्याचे फळ साठ वर्षांनी भलत्याच ठिकाणी दिसावयाचे होते.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि बेटाचे नाव ‘स्योनान’ झाले. हे बेट आपला तांदूळ स्वतः कधीच पिकवीत नव्हते. तो ब्रह्मदेशातून आणि सयामातून येई. जहाजे थांबली, असलेली सैन्याकडे वळली, आणि तांदळाचे शिधापत्रकावरील प्रमाण पुन्हा पुन्हा कमी होत गेले. जपानी अधिकाऱ्यांनी लोकांस स्वतःचे अन्न स्वतः पिकविण्याचा हुकूम केला. परसात, मैदानांत, रस्त्याच्या कडेस उबी कायू आणि रताळी दिसू लागली. लोकांस शहरातून हलविण्यासाठी १९४३ पासून मलायात एंडाऊ येथे चिन्यांची आणि बहाऊ येथे युरेशियन व कॅथलिक लोकांची वसाहत काढण्यात आली. बहाऊस हिवतापाने आणि उपासमारीने अनेक माणसे गेली.

शहरात कसाव्याची भाकरी, कसाव्याचे पाव, कसाव्याच्या शेवया, आणि पातळ पेजेस दाटपणा आणण्यासाठी पुन्हा कसावाच. एका मुठीच्या तांदळात चार माणसांची पेज करावयाची, तर ती पाण्यासारखी होणार. तीत कसाव्याचे पीठ कालवले की पळी उभी राहील इतकी दाट दिसे. पोट भरल्यासारखे वाटे, मुलांचे रडे थांबे. पण साबूत आणि कसाव्यात सत्त्वावाचून फारसे काही नाही. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रथिन भरत नाही, आणि ‘ब’ जीवनसत्त्व तर जवळजवळ नाहीच. त्या वर्षांत सिंगापुरात बेरीबेरीने पाय सुजलेली माणसे घरोघर दिसू लागली. घट्ट पेज पिऊनही माणूस खंगत होता. मुळांतच एक विषारी द्रव्य असते, ते नीट न भिजविता किंवा पुरते न शिजविता खाल्ले तर जीवावर बेतते, हेही कित्येकांस अनुभवाने शिकावे लागले.

चांगीच्या तुरुंगात आणि छावणीत ह्याच्या उलट प्रकार घडला. युद्धकैद्यांच्या आहारात जीवनसत्त्वे नसल्याने तोंड येणे, त्वचा फाटणे, दृष्टी मंद होणे असे विकार बळावले. तेव्हा कैद्यांतील वैद्य आणि शास्त्रज्ञ ह्यांनी ‘लालांग’सारखे गवत कापून, वाटून, त्याचा अर्क काढण्याची सोय केली. तो हिरवा, कडू, पाण्याहून जेमतेम दाट असा रस कैद्यांस औषधासारखा पाजण्यात येई. चवीस कोणी त्यास सूप म्हणाले नसते. पण त्यातील जीवनसत्त्वाने कित्येकांचे डोळे राखले. शहरातील दाट पेज आणि छावणीतील पातळ रस ही दोन भांडी शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे स्वयंपाकघरातील एक समजूत सैल होते. दाट ते कसदार आणि पातळ ते निःसत्त्व, असे डोळे सांगतात. डोळ्यांची ही साक्ष ग्राह्य नाही. डाळ घोटून किंवा कुळथाची पिठी लावून आणलेला दाटपणा आणि साबूने आणलेला दाटपणा पळीला सारखेच लागतात, अंगी मात्र सारखे लागत नाहीत. डाळीस वा दाण्याच्या कुटास साबूची जोड द्यावी, जागा देऊ नये.

त्याच चांगीत स्थानबद्ध असलेल्या इथेल मुलव्हॅनी नावाच्या कॅनडियन बाईंची हकीकत येथे सोडून चालणार नाही. त्या युद्धापूर्वी काही काळ हिंदुस्थानात राहिल्या होत्या. उपाशी स्त्रियांस एकत्र बसवून, प्रत्येकीने आपल्या घरच्या एखाद्या पक्वान्नाची कृती आठवून सांगावी, असा परिपाठ त्यांनी घातला. कोणी लोण्यात परतलेल्या मैद्याच्या दाट सूपची कृती सांगे, कोणी भरल्या टेबलाचे वर्णन करी. आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडास खरोखर पाणी सुटे. ह्या कृती त्यांनी मिळेल त्या कागदांवर उतरून घेतल्या आणि सुटकेनंतर १९४६ मध्ये टोरोंटोस त्यांचे पुस्तक छापून, त्याच्या विक्रीचे पैसे इंग्लंडातील रुग्णालयांत पडून असलेल्या माजी युद्धकैद्यांस खाद्यपदार्थ पाठविण्यासाठी खर्च केले. भुकेच्या दिवसांत पाककृती लिहून ठेवणे हा वेडेपणा वाटेल. त्या स्त्रियांस तो तसा वाटला नाही.

१९४३ हे साल तर ह्या साऱ्या कथेची गाठच होय. त्या वर्षी सिंगापुरात नेताजी सुभाषचंद्र बोस आले, २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकारची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी झाशीच्या राणीच्या नावाने निघालेल्या स्त्रियांच्या पलटणीची छावणी येथे उघडली. त्याच वर्षी बंगालात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. नेताजींनी ब्रह्मदेशातून एक लाख टन तांदूळ देण्याची तयारी नभोवाणीवरून जाहीर केली, ती ब्रिटिश सरकारने मानली नाही. आणि त्याच वर्षी, मलायाचा साबू बंद झाल्यामुळे, तमिळ प्रदेशातील सेलम येथे साबुदाणा बनविण्यास आरंभ झाला. ह्या उद्योगाच्या आरंभाशी सेलमचे व्यापारी माणिक्कम् चेट्टियार आणि पेनांगहून परतलेले पोपटलाल शहा ह्यांची नावे घेतली जातात. पेनांगकडील विद्या, त्रावणकोराने रुळविलेला कंद आणि सेलमचे ऊन, असा हा योग जुळला. प्रारंभी तेथेही पीठ कापडाच्या झोळीत घालून माणसे ती झोळी हलवीत आणि दाणे थोड्या तेलावर भाजीत. सिंगापूरच्या चिनी कारखान्यातील शंभर वर्षांपूर्वीचा तो हेलकावा कावेरीच्या प्रदेशात जसाच्या तसा आला होता.

युद्ध संपले. १२ सप्टेंबर १९४५ रोजी जपान्यांनी सिंगापुरात शरणागतीवर सह्या केल्या. समुद्र मोकळा झाला, पण साबूचा जुना ओघ हिंदुस्थानकडे पुन्हा पूर्ववत वळला नाही. सेलमचा उद्योग वाढत गेला. १९८१ मध्ये तेथील उत्पादकांची ‘सॅगोसर्व्ह’ ही सहकारी संस्था नोंदली गेली आणि २०२३ मध्ये सेलमच्या जव्वरिसीस भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. आज पुण्या-मुंबईच्या एकादशीस लागणारा साबुदाणा बहुतांशी त्याच प्रदेशातून येतो. ताडाच्या गाभ्याऐवजी जमिनीतील कंद आला, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. आणि कंदमूळ उपवासास चालतेच, त्यामुळे धर्मशास्त्रासही तक्रारीचे कारण उरले नाही.

सिंगापुरात त्या कारखान्यांची आठवण दोन रस्त्यांच्या नावांत शिल्लक आहे. चायनाटाउनमध्ये ‘सॅगो स्ट्रीट’ आणि ‘सॅगो लेन’ ह्या लहान वाटा साबूच्या कारखान्यांवरूनच ओळखल्या जाऊ लागल्या. कारखाने गेल्यावर सॅगो लेनमध्ये मरणोन्मुख गरिबांना शेवटचे दिवस काढण्यासाठी ठेवण्याची घरे निघाली आणि चिनी लोक तिला मृतांची गल्ली म्हणू लागले. १९६१ मध्ये त्या घरांवर बंदी आली आणि पुढे जुन्या इमारतीही पाडल्या गेल्या. आजाऱ्यास आधार देणारे अन्न जेथे वळले जाई, तेथेच निराधारांनी डोळे मिटावेत, हा काळाचा खेळ विलक्षण खरा. आता तेथे २००७ मध्ये पुरे झालेले बुद्धदंतावशेष मंदिर उभे आहे, आणि साउथ ब्रिज रोडने चार पावले गेले की १८२७ मध्ये स्थापन झालेले श्रीमरिअम्मन देवालय लागते. देवालयात येणाऱ्या भाविकांपैकी किती जण शेजारच्या गल्लीच्या नावाशी आपल्या उपवासाचा संबंध जोडत असतील?

सेरंगून रोडवरील वाणसामानाच्या दुकानांत साबुदाण्याच्या पिशव्या भारतातून येतात. ज्या बंदरातून तो दाणा बाहेर पडे, त्याच बंदरात तो आता आयात होतो. चिनी दुकानांतील बारीक दाण्याच्या पुड्यांवर पुष्कळदा मोठ्या अक्षरांत साबूचे नाव आणि मागच्या बाजूस बारीक अक्षरांत कसाव्याच्या सत्त्वाचा उल्लेख आढळतो. त्याची नारळाच्या दुधात आणि मलाक्काच्या काळ्या गुळात केलेली ‘सागू गुला मलाका’ नावाची खीर येथे आजही आवडीने खातात. मराठी पाहुण्यास ती पहिल्याच घासास ओळखीची वाटते. ताडाचा खरा साबू अजून सारावाकात, मुकाच्या त्याच नदीकाठी निघतो. त्याचा दाणा किंचित तांबूस, शिजल्यावर कमी चिकट. रताळ्याच्या उपवासाच्या सारात तो घातला असता तार येत नाही, असे तो वापरून पाहिलेल्या गृहिणी सांगतात.